आर्केड खेळाची पेटी आणि तिची घरगुती पुनर्घटना

नाणे टाकून खेळावयाच्या इलेक्ट्रॉनिक खेळांच्या इतिहासात दोन गोष्टींना बहुधा अग्रस्थान मिळते. एक, खेळांचे कर्ते आणि त्यांच्या कंपन्या. दुसरी, यंत्राच्या स्मृतीत साठविलेला आज्ञाक्रम, म्हणजे प्रोग्रॅम. खेळ ज्या लाकडी पेटीत नांदत असे तिला फर्निचरापलीकडे किंमत दिली जात नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र काही हौशी मंडळींनी, विशेषतः अमेरिकेत व युरोपात, आपल्या घराच्या तळघरात किंवा मोटारीच्या गॅरेजात अशा पेट्या स्वतः बांधण्यास आरंभ केला. हे लोक इतिहासकार नव्हते. त्यांना फक्त आपल्या लहानपणीचा खेळ घरी हवा होता. तथापि करवत हाती घेताच त्यांच्यापुढे जे प्रश्न उभे राहिले ते सर्वस्वी इतिहासाचे होते : खेळ म्हणजे नेमकी कोणती वस्तू? तिचा कोणता भाग मूळ आणि कोणता आगंतुक? आणि एखादा भाग वगळला तर राहते ते काय? या प्रश्नांचा विचार पेटीच्या अंगाने करणे येथे योजिले आहे.

प्रथम पेटीच्या जन्माकडे वळले पाहिजे. १९७१ च्या सप्टेंबरात बिल पिट्स व ह्यू टक यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थी-भवनात ‘गॅलक्सी गेम’ नावाचे यंत्र मांडले. त्याच्या पोटात पीडीपी-११ जातीचा संपूर्ण संगणक होता, आणि एका डावाला १० सेंट पडत. त्याच वर्षी नोलन बुशनेल व टेड डॅब्नी यांचा ‘कॉम्प्युटर स्पेस’ हा खेळ नटिंग असोसिएट्स या कंपनीने बाजारात आणला. दोहोंचे मूळ एकच. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९६२ मध्ये सिद्ध झालेला ‘स्पेसवॉर’ हा खेळ. पण दोहोंत एक मोठा भेद होता. ‘कॉम्प्युटर स्पेस’च्या नावात संगणक असला तरी यंत्रात तो नव्हता. तर्कमंडले एकमेकांस जोडून पडद्यावरील ठिपके हलविले जात, आणि हे सारे फायबरग्लासच्या एका वळणदार, चकाकत्या पेटीत बसविलेले असे. सारांश, बाजारात विक्रीस आलेल्या या पहिल्या आर्केड खेळात प्रोग्रॅम नावाची वस्तूच नव्हती. होती ती मंडले आणि पेटी. पुढील वर्षी, १९७२ मध्ये, अटारी कंपनीचे ॲलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’चा पहिला नमुना सिद्ध केला तोही याच जातीचा. दुकानातून विकत आणलेला एक काळापांढरा हिताची टेलिव्हिजन लाकडी पेटीत बसवून ते यंत्र कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या मद्यगृहात ठेवण्यात आले. ते थोड्याच दिवसांत बंद पडले. तपासणीअंती असे आढळले की नाणी साठविण्याचे भांडे काठोकाठ भरल्यामुळे यंत्र अडले होते. या प्रसंगाची गोष्ट यशाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण नाण्याचे भांडे हाही यंत्राचा एक अवयव होता आणि त्याच्या मापावर यंत्राचे चालणे अवलंबून होते, ही बाजू तिच्यात सहसा दिसत नाही.

पेटीचे महत्त्व पटविणारे सर्वांत बोलके उदाहरण १९७८ चे आहे. जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ जगभर गेला. ज्यांनी तो उभ्या पेटीत पाहिला त्यांच्या स्मरणात चंद्राच्या खडबडीत भूमीवर उतरणारी परग्रहवासीयांची फौज आहे. प्रोग्रॅममध्ये तो चंद्र शोधू गेल्यास सापडत नाही. चंद्रभूमीचे चित्र पेटीच्या आत मागील बाजूस लावलेले असे. मॉनिटर खाली बसविलेला असे, आणि त्यावरील उलटे चित्र एका अर्धपारदर्शक आरशावर पडून सुलटे होऊन खेळणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या चंद्रावर तरंगत राही. रंगांचीही तीच कथा. मॉनिटर काळापांढरा, फौजेला व तळाच्या तोफेला रंग येई तो काचेवर चिकटविलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. म्हणजे चंद्र सुतारकामातला, रंग पट्टीतला, खोली आरशातली. प्रोग्रॅमच्या वाट्याला उरले ते पांढरे ठिपके आणि त्यांची गती. ती गतीही केवळ आज्ञाक्रमाची नव्हे. शत्रू मरत जातात तसे उरलेले अधिकाधिक वेगाने येऊ लागतात, याचे कारण कमी आकृत्या काढावयाच्या राहिल्यामुळे इंटेल ८०८० या प्रोसेसराचे ओझे हलके होई. कर्त्याने हा दोष न मानता खेळाचा प्राण म्हणून ठेवला. पोथीचा पाठ शुद्ध करून छापला म्हणजे तिचा कागद, शाई, समासातील टीप आणि दोऱ्याची गाठ यांचे ज्ञान झाले असे कोणी पाठचिकित्सक म्हणणार नाही. ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा प्रोग्रॅम मिळाला म्हणजे खेळ मिळाला, असे म्हणणे त्याच जातीचे आहे.

पडद्याइतकेच महत्त्व खेळणाऱ्याच्या हाताखालील फळीला आहे. १९८० च्या आसपास प्रत्येक नवा खेळ आपली अवजारे बरोबर घेऊन येत असे. ‘पॅक-मॅन’ (१९८०) ला एकच दांडा, आणि तोही चारच दिशांना हलणारा. बटणाची गरजच नाही. ‘मिसाइल कमांड’ (१९८०) ला फळीत अर्धा रुतलेला, तळहाताने फिरवावयाचा गोळा. ‘बॅटलझोन’ (१९८०) ला रणगाड्याचे दोन दांडे आणि पाणबुडीतल्यासारखी डोळे लावून पाहावयाची दुर्बीण. ‘रोबोट्रॉन’ (१९८२) ला दोन जॉयस्टिक, एक चालण्यासाठी व एक गोळीबारासाठी. ‘क्यूबर्ट’ (१९८२) चा दांडा मुद्दाम तिरका बसविलेला, कारण त्यातील प्राणी कर्णरेषेतच उड्या मारतो. हे भेद शोभेचे नव्हते. आठ दिशांना हलणाऱ्या दांड्यावर ‘पॅक-मॅन’ खेळून पाहावा. वळणावर हात किंचित कोपऱ्याकडे कलला की यंत्राला दोन दिशा एकदम कळतात, आणि ऐन मोक्याच्या क्षणी खेळाडू भिंतीला खिळून राहतो. ज्याने मूळ पेटी पाहिलेली नाही त्याला वाटते खेळच सदोष आहे.

येथवरच्या विवेचनावरून प्रत्येक खेळाची एक पेटी व प्रत्येक पेटीचा एक खेळ असा नियम होता, असा समज होण्याचा संभव आहे. व्यापाराने तो नियम फार काळ पाळला नाही. निंटेंडो कंपनीच्या अमेरिकी शाखेने ‘रडार स्कोप’ या खेळाची ३,००० यंत्रे मागविली होती. त्यांपैकी सुमारे २,००० पडून राहिली. तेव्हा त्याच पेट्यांत नवी मंडले व नवे चित्रफलक घालून १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ विकण्यात आला. या खेळाच्या अमेरिकेतील आरंभीच्या पेट्या लाल आहेत आणि नंतरच्या निळ्या, याचे कारण हेच. आज संग्राहक ज्या लाल पेटीला अस्सल म्हणून मान देतात ती मुळात दुसऱ्या खेळाची उतरलेली वस्त्रे आहे. पुढे अमेरिकेतील आर्केडांचा बहर ओसरू लागला तसे हे रूपांतर नित्याचे झाले. मंडल, शीर्षफलक, फळीवरचे चित्र आणि काही बटणे यांचा संच विकत घ्यावा, जुन्या पेटीतला खेळ काढावा, नवा घालावा, हा आर्केडचालकांचा परिपाठ बनला. जपानमधील व्यापारी संघटनेने १९८५ मध्ये ‘जामा’ नावाने ओळखला जाणारा ५६ टोकांचा कनेक्टर प्रमाण ठरविला. वीज, चित्र, ध्वनी, दोन खेळाडूंचे दांडे, बटणे आणि नाण्याची खूण, हे सर्व त्या एका पट्टीतून जाऊ लागले, आणि पेटी व खेळ यांची फारकत कायमची झाली. जपानी आर्केडांत तर सेगाच्या ‘ॲस्ट्रो सिटी’ (१९९३) सारख्या एकाच साच्याच्या पेट्या ओळीने मांडलेल्या असत आणि आतले मंडल तेवढे बदलत असे. अस्सल पेटी म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत एक व जपानमध्ये दुसरे आहे, ही गोष्ट संशोधकाने दृष्टीआड करता कामा नये.

प्रोग्रॅम पेटीबाहेर पडला तो १९९७ मध्ये. त्या वर्षीच्या ५ फेब्रुवारीस इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ या एम्युलेटराची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे सोंग घेणे. घरातील संगणक आर्केड मंडलावरील प्रोसेसराप्रमाणे वागू लागतो आणि जुन्या रॉम-चिपांतून उतरवून घेतलेला आज्ञाक्रम त्यावर चालतो. या प्रकल्पाने आपला हेतू प्रथमपासून नोंदणीचा व जतनाचा सांगितला. खेळता येणे हा त्याचा आनुषंगिक लाभ. हेतू पोकळ नव्हता. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ पासूनच्या ‘सीपीएस-२’ मंडलांत गूढलेखनाची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या आधारावर स्मृतीत ठेवलेली असे. बॅटरी संपली की खेळ कायमचा मरे. ते गूढलेखन २००७ मध्ये उकलले गेले नसते तर त्या पिढीच्या बऱ्याच खेळांची गती काय झाली असती हे सांगावयास नको. अर्थात या नाण्याला दुसरीही बाजू आहे. पडद्यावरील दृश्य व रॉममधील आज्ञाक्रम या दोहोंनाही लेखनाधिकाराचे संरक्षण आहे, असे अमेरिकी न्यायालयांनी १९८२ मध्येच ठरविले होते. त्यामुळे घरी बांधलेली पेटी मालकाची, पण तिच्या पोटातील खेळ पुष्कळदा परक्याचे, ही विसंगती या छंदाच्या मुळाशी आहे.

एम्युलेटर हाती आला आणि एक विलक्षण असमाधान उत्पन्न झाले. खेळ तोच, आवाज तोच, चित्र तेच. पण समोर टंकलेखनाचा कीबोर्ड आणि बूड टेकलेले खुर्चीवर. हे असमाधान म्हणजेच घरगुती पेटीचा उगम होय. आरंभीच्या बांधणाऱ्यांनी जुना कीबोर्ड उकलून त्याच्या मंडलाला जॉयस्टिकच्या व बटणांच्या तारा डकविल्या. परंतु कीबोर्डात प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. कळा ओळी-स्तंभांच्या जाळ्यात गुंफलेल्या असतात. टंकलेखकाला ते पुरते, कारण तो एका वेळी एकच कळ दाबतो. दोन खेळाडू एकदम तुटून पडले की काही दाब नाहीसे होत आणि न दाबलेली कळ दाबल्याचा भास होई. यातून आर्केडच्या दांड्यांसाठी स्वतंत्र परिवर्तक-मंडले निर्माण झाली व ती विकणारा एक छोटा धंदाही उभा राहिला. जॉन सेंट क्लेअर यांचे ‘प्रोजेक्ट आर्केड’ हे बांधणीचे सविस्तर पुस्तक २००४ मध्ये निघाले, तेव्हा हा छंद पुस्तकास ग्राहक मिळण्याइतका रुजला होता.

मॉनिटरचे प्रकरण याहून बिकट होते. आर्केडचा सामान्य मॉनिटर सेकंदास सुमारे १५,७०० आडव्या रेषा काढतो, तर नव्वदीच्या दशकातील संगणकाचा मॉनिटर किमान ३१,५००. दोघांची सांगड सहज बसत नाही. जुनी चित्रनलिका वापरावी तर तिच्यात वीस हजार व्होल्टांच्या आसपासचा दाब, आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ साठून राहतो. ती उतरविण्याचे तंत्र शिकल्यावाचून आत हात घालणे जिवावर बेतू शकते. सपाट पडदा वापरावा तर रेषांमधील काळ्या फटी व प्रकाशाचा मऊपणा जातो, आणि काही पडदे चित्र काढण्यास सेकंदाचे काही साठांश उशीर लावतात. हा उशीर प्रेक्षकाला कळत नाही. खेळणाऱ्याच्या बोटांना कळतो. त्यातच ‘पॅक-मॅन’सारख्या खेळांचे चित्र उभे, म्हणजे रुंदीला २२४ व उंचीला २८८ ठिपके असे आहे, ते आडव्या पडद्यावर घेतल्यास निम्म्याहून थोडीच अधिक रुंदी व्यापते. तेव्हा मॉनिटर उभा बसवावा, आडवा बसवावा की फिरता, हा निर्णय लाकूड कापण्यापूर्वीच घ्यावा लागतो. एकदा तो घेतला की काही खेळ त्या पेटीपुरते दुय्यम ठरले.

सुतारकामाचा तपशील कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्ञानाचा मोठा ठेवा तेथेच आहे. बाजूच्या दोन फळ्या, बहुधा पाऊण इंच जाडीच्या, प्लायवूडच्या वा एमडीएफच्या. त्यांच्या कडेला राऊटरने खाच पाडून त्यात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची प्लॅस्टिकची पट्टी ठोकून बसवावयाची. ही पट्टी मूळ पेट्यांवर होती ती कशासाठी, हे बांधणाऱ्याला लवकरच समजते : एमडीएफची उघडी कड धक्क्याने ढासळते, आणि आर्केडमध्ये पेट्या सतत ढकलल्या जात. बटणासाठी भोक पाडावयाचे ते जपानी बटण असल्यास ३० मिलिमीटरचे, अमेरिकी असल्यास त्याहून थोडे लहान. जपानी दांड्याच्या टोकाला गोळा असतो व तो बोटांत धरला जातो. अमेरिकी दांडा बॅटसारखा, मुठीत धरावयाचा. फळीची उंची व तिचा उतार ठरविताना खेळणारा उभा राहून खेळणार की उंच स्टुलावर बसून, हे ठरवावे लागते. मनगट फळीच्या कडेवर कसे टेकते, दुसऱ्या खेळाडूचा खांदा कोठे येतो, शीर्षफलकाच्या दिव्याचा उजेड काचेवर पडतो की नाही, या गोष्टी कारखान्यांतील आरेखकांना ठाऊक होत्या. ते ज्ञान खेळणाऱ्या जनतेपर्यंत कधी आले नव्हते. हौशी कारागिरांनी ते चुकतमाकत पुन्हा मिळविले आणि मोजमापांसह लिहून ठेवले.

नाण्याचा प्रश्नही याच प्रकारचा. घरात नाणे कोण टाकणार? एका बटणाने हवे तेवढे डाव मिळावेत अशी सोय करणे सोपे आहे. पण आर्केड खेळाची काठिण्यपातळी नाण्याच्या हिशेबाने बेतलेली असे. नवख्याचा डाव काही मिनिटांत आटोपला पाहिजे, आणि तरीही त्याला दुसरे नाणे काढावेसे वाटले पाहिजे. डाव फुकट झाले की मृत्यूला अर्थ राहत नाही. खेळणारा शेवटपर्यंत रेटत जातो आणि अर्ध्या तासात खेळ ‘संपवून’ पुन्हा त्याच्याकडे वळत नाही. म्हणूनच कित्येकांनी आपल्या पेटीला जुन्या यंत्रावरचे नाण्याचे दार बसविले, खरे नाणे ओळखणारी यंत्रणाही जोडली. याला केवळ गतकाळाचा हळवेपणा म्हणणे उथळपणाचे होईल. नाणे हा खेळाचा एक नियम होता, ही गोष्ट त्यांना अनुभवाने कळली होती.

आता दुसऱ्या टोकाचे मत पाहू. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. ‘पॅक-मॅन’ त्यांत होता. पुढील वर्षी ते प्रदर्शनात मांडले गेले ते पेटीवाचून. भिंतीत बसविलेला पडदा आणि त्यापुढे दांडा. पेटी ठेवल्यास प्रेक्षक आठवणींत रमतो आणि आरेखनाकडे, म्हणजे खेळणारा व यंत्र यांच्या व्यवहाराकडे, त्याचे लक्ष जात नाही, अशी यामागची भूमिका. ही भूमिका विचारपूर्वक घेतलेली आहे, आणि आठवणींच्या धुक्याविषयीची तिची शंका रास्तही आहे. परंतु तीत एक गृहीत दडलेले आहे. व्यवहार पडद्यावर होतो, आणि उभे राहण्याची जागा, फळीची उंची, शेजाऱ्याचा खांदा व नाण्याची फट या त्याच्या बाहेरच्या गोष्टी होत, असे ते गृहीत. ‘पॅक-मॅन’पुरते ते कदाचित चालून जाईल. ‘बॅटलझोन’ची दुर्बीण किंवा ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा चंद्र यांच्यापुढे ते टिकत नाही. रॉचेस्टर येथील स्ट्राँग म्यूझियम ऑफ प्लेने यंत्रे पेटीसह जमविली आहेत. या वादात तिचा पक्ष अधिक बळकट वाटतो.

तथापि हौशी बांधणाऱ्यांच्या बाजूनेही सर्व हिशेब चोख नाही. नवी पेटी बांधणे कष्टाचे. जुनी मिळाली तर काम सोपे. म्हणून या छंदाच्या आरंभीच्या वर्षांत पुष्कळांनी बंद पडलेली मूळ यंत्रे स्वस्तात घेऊन त्यांच्यातील मंडल, तारा व मॉनिटर उपसून टाकले आणि त्या जागी संगणक बसविला. यंत्र ‘वाचविले’ असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात एक साधन नष्ट होत होते. यावरून संग्राहक व बांधणारे यांच्यात कडाक्याचे वाद झाले, आणि दुरुस्त होण्याजोग्या मूळ पेटीला हात लावू नये असा संकेत हळूहळू रूढ झाला. बांधणाऱ्यांचा बचाव असा की आर्केडचालक चाळीस वर्षांपूर्वी हेच करीत होते. बचाव तथ्यहीन नाही, पण अपुरा आहे. १९८१ मध्ये पेटीतला खेळ बदलला गेला तेव्हा तो बदल स्वतःच त्या धंद्याच्या इतिहासाचा भाग झाला. ‘रडार स्कोप’ची लाल पेटी आज साक्षीदार आहे ती त्यामुळेच. धंदा संपल्यावर केलेला बदल त्या धंद्याविषयी काहीच सांगत नाही. तो सांगतो ते बदल करणाऱ्याच्या काळाविषयी.

घरगुती पेटीची सर्वांत मोठी अडचण मात्र तिच्या औदार्यात आहे. एका पेटीत हजारो खेळ भरता येतात, म्हणून फळीवर सर्वांसाठी जागा करण्याचा मोह होतो : चार दिशांचा दांडा, आठ दिशांचे दोन, मधोमध गोळा, ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) साठी प्रत्येकी सहा बटणे. अशी फळी पेटीबाहेर दोन्ही बाजूंस पसरते आणि कोणताही खेळ तिच्यावर नीट खेळता येत नाही. अशी पेटी इतिहासात कधीच नव्हती. निंटेंडोच्या ‘प्लेचॉइस-१०’ (१९८६) मध्ये दहा खेळ होते आणि एसएनकेच्या ‘निओ जिओ’ (१९९०) पेटीत सहापर्यंत काडतुसे बसत; पण ते खेळ त्याच फळीसाठी रचलेले होते. अनुभवी बांधणारे पुढे एका पेटीत एकाच जातीचे थोडे खेळ ठेवण्याकडे वळले. संग्रह लहान झाला आणि पुरावा सुधारला.

२०१२ मध्ये आलेला रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक आणि २०१८ पासून दुकानांत मिळू लागलेल्या पाऊण मापाच्या, घरी जोडावयाच्या तयार पेट्या यांमुळे करवत न उचलताही घरात आर्केड आणता येऊ लागले. पाऊण मापाच्या फळीवर दोन प्रौढ माणसे शेजारी उभी राहिली की मूळ माप काय कामाचे होते ते आपोआप सिद्ध होते. याहून अधिक त्यांविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही.

अधिक लक्ष देण्याजोगे काम निराळेच आहे. १९८० च्या आसपासच्या अनेक पेट्या लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळ्यांच्या होत्या. ओलसर तळघरात त्यांचा पायथा फुगतो आणि खालून चुरा होऊ लागतो. अशी पेटी टाकून देण्यापूर्वी काही कारागीर तिची बाजू कागदावर गिरवून घेतात, प्रत्येक खाचेचे व भोकाचे माप टिपतात, बाजूवरील रंगचित्राचा थर न् थर वेगळा करून त्याची प्रत काढतात, आणि मग नव्या प्लायवूडमधून तीच पेटी पुन्हा उभी करतात. मूळ मॉनिटर व मंडल शाबूत असल्यास ते तिच्यात बसवितात. अशी प्रत मापाने बिनचूक असते. तिच्यावर नसते ते एवढेच : मागील बाजूस ठोकलेली अनुक्रमांकाची पट्टी, एका खेळावर दुसरा चढविताना बुजविलेली जुन्या बटणांची भोके, आणि फळीच्या कडेला विसरलेल्या सिगारेटींनी पाडलेले तपकिरी डाग. पेटी आर्केडमध्ये किती वर्षे होती आणि तिच्यातून किती खेळ गेले याची नोंद याच खुणांत आहे. म्हणून गिरवलेल्या कागदाबरोबर कुजलेल्या फळीची छायाचित्रे, आतून आणि बाहेरून, घेऊन ठेवण्याची पद्धत काही कारागिरांनी पाडली आहे. संग्रहालयांनी ती मापे व छायाचित्रे मिळवून नोंदवावयास हवीत, कारण बऱ्याच पेट्यांच्या बाबतीत उद्या तेवढेच साधन शिल्लक राहील.